बाईच्या नावावरचे कर्ज आणि बाईच्या हातातला पैसा

पाच टक्यांचा बांबू. तो चिरून, सोलून, विणून केलेला मोढा संध्याकाळी पैकाराला द्यायचा साडेपाच टक्यांना. दिवसभराच्या मेहनतीची कमाई पन्नास पैसे. 1976 साली बांगलादेशातील चितगावजवळच्या जोब्रा गावात एका कारागीर बाईचा हा रोजचा हिशेब होता.

मोढा सुबक होता, बाजारात त्याला मागणी होती. मग ती तो बाजारात नेऊन का विकत नव्हती? कारण बांबूचे पाच टके पैकाराने दिलेले होते. तयार माल त्यालाच द्यायचा आणि भाव तो म्हणेल तोच, ही त्या उचलीमागची अट. सावकाराकडून घ्यावेत तर आठवड्याला दहा टक्के व्याज, कधी त्याहून जास्त. पाच टक्यांसाठी एक चांगली कारागीर आयुष्यभर बांधली गेली होती.

बंगालीत घाऊक खरेदी करणाऱ्याला पैकार म्हणतात. आमच्या वाचकांपैकी निम्म्यांना हा माणूस ओळखायला वेळ लागणार नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी तो आरशात पाहिलेला असेल. आम्ही हे रागाने लिहीत नाही. पैकाराचाही माल शहरात उधारीवर जातो, त्याच्याही मागे तगादा असतो. पण साखळीत सगळ्यांत शेवटी बसलेल्या बाईला पैसे सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कमी मिळतात, हे मोढ्याच्या धंद्यात खरे आहे तसे जरीच्या, शिलाईच्या, विडीच्या धंद्यातही खरे आहे. महिलांच्या हक्कांवर गेल्या पन्नास वर्षांत जगभर भाषणे खूप झाली, परिषदा झाल्या, परदेशी मदतीचा पैसाही बराच वाहिला. त्या पैशाने या शेवटच्या बाईच्या हातात काय पडले, एवढेच आम्हाला या पानावर पाहायचे आहे. त्यासाठी बांगलादेशाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. तिथे हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला, यश आणि अपयश दोन्ही नीट मोजले गेले आणि प्रयोग झाला तो आपल्यासारख्याच कारागीर-व्यापारी समाजात.

बेचाळीस जण, आठशे छप्पन्न टके

जोब्राजवळच चितगाव विद्यापीठ आहे. तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस 1974 च्या दुष्काळानंतर गावात फिरू लागले होते. मोढेवालीचा हिशेब ऐकल्यावर त्यांनी गावात असे बांधले गेलेले किती लोक आहेत याची यादी करवून घेतली. बेचाळीस नावे निघाली. सगळ्यांची मिळून गरज होती 856 टके, त्या वेळचे सत्तावीस डॉलर. ते त्यांनी खिशातून दिले. पुढे सरकारी जनता बँकेत गेले, तेव्हा बँकेने गरिबाला तारणाशिवाय कर्ज देता येत नाही असे सांगितले. अखेर युनूस स्वतः जामीन राहिले, तेव्हा कर्ज मिळाले. जामीनदार सापडला की बँकेला कर्जदाराचे तोंडही पाहावे लागत नाही, हा अनुभव आमच्या अनेक व्यापारी बंधूंना असेलच.

यातून जो प्रकल्प उभा राहिला तो 1979 मध्ये टांगाइल जिल्ह्यात गेला आणि ऑक्टोबर 1983 मध्ये ग्रामीण बँक म्हणून कायद्याने स्थापन झाला. परदेशी पैसा आला तो इथे. अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनने हमीचा निधी दिला, संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीने, म्हणजे इफाडने, कर्ज दिले, पुढे नॉर्वे आणि स्वीडन सरकारची मदत आली. मदत म्हटली की आपल्याकडे डोळ्यांपुढे वाटप येते: शिवणयंत्रे, फोटो, हारतुरे. हा पैसा तसा वाटला गेला नाही. तो भांडवल म्हणून फिरवला गेला. 1995 मध्ये बँकेने यापुढे परदेशी मदत घ्यायची नाही असे ठरवले आणि आधी कबूल झालेल्या रकमेचा अखेरचा हप्ता 1998 मध्ये घेऊन तो खाते-अध्याय संपवला. पेढी सुरू करायला उसने भांडवल घ्यावे आणि धंदा चालू लागला की ते बंद करावे, ही रीत व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

बायकांकडे बँक वळली ती हळूहळू. युनूस यांचे सुरुवातीचे लक्ष्य निम्मे कर्जदार महिला असावेत एवढेच होते आणि तेवढे गाठायलाही सहा वर्षे लागली. नवरे नाही म्हणत, सासवा नाही म्हणत, बायका स्वतःच म्हणत, पैसे माझ्या हातात नको, नवऱ्याला द्या. बँकेच्या पुरुष कर्मचाऱ्याला घरात शिरता येत नसे. तो अंगणाबाहेर उभा राही आणि एखादी मुलगी आत-बाहेर करून दोन्हीकडचे बोलणे पोहोचवी. पण वसुलीच्या वहीने निकाल दिला. बाईच्या हाती गेलेला पैसा घरात, मुलांच्या पोटात आणि पुन्हा कामात जास्त जातो आणि परतही जास्त येतो, असे बँकेला दिसले. आज बँकेचे सभासद एक कोटीच्या घरात आहेत आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक महिला आहेत. 2006 चा नोबेल शांतता पुरस्कार युनूस आणि बँक यांना मिळून दिला गेला.

एक गोष्ट मात्र नोबेलपेक्षा मोठी वाटते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ग्रामीण बँकेने घरबांधणीसाठी कर्ज द्यायला सुरुवात केली तेव्हा अट घातली की जमीन कर्जदार बाईच्या नावावर असली पाहिजे. नसेल तर आधी नवऱ्याने ती तिच्या नावावर करून द्यावी, मग कर्ज. या घरांना 1989 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. घर अगदी साधे: काँक्रीटचे चार खांब, वर पत्रा, खाली संडासाची सोय. पण तलाकचा शब्द निघाला की बाहेर कुणी जायचे, हा प्रश्न त्या सातबाऱ्यासारख्या कागदाने उलटा करून टाकला. महिलांच्या हक्कांवर शंभर व्याख्याने देऊन जे झाले नसते ते कर्जाच्या एका अटीने झाले.

नाव बाईचे, पैसा कुणाचा?

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा लेख जाहिरात ठरेल.

1996 मध्ये ॲन मरी गोट्झ आणि रीना सेनगुप्ता या दोन अभ्यासक महिलांनी बांगलादेशात बायकांनी घेतलेल्या 253 कर्जांचा माग काढला. कर्ज कुणाच्या नावावर आहे हे त्यांनी विचारले नाही, ते तर वहीतच होते. पैसा कशात गुंतवला, निर्णय कुणी घेतला, माल कुणी विकला आणि विक्रीचे पैसे कुणी मोजून घेतले हे विचारले. पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा बाईकडे असलेली कर्जे निघाली सुमारे सदतीस टक्के. उरलेल्या त्रेसष्ट टक्क्यांत ताबा अर्धवट, नाममात्र किंवा अजिबात नाही. कर्ज बाईच्या नावावर, रिक्षा नवऱ्याची, हप्ता मात्र दर आठवड्याला बाईने भरायचा. हप्ता चुकला तर गटातील बायका तिच्याच दारात उभ्या राहणार, नवऱ्याच्या नाही.

हा आकडा प्रसिद्ध झाला आणि विकासाच्या क्षेत्रात खळबळ उडाली. कुणी म्हणाले सगळेच फसवे आहे. अर्थतज्ज्ञ नाइला कबीर यांनी 2001 मध्ये याला दिलेले उत्तर आम्हाला अधिक पटते. त्या म्हणाल्या, बायकांनाच विचारा. त्यांनी विचारले तेव्हा अनेकींनी सांगितले की पैसा नवऱ्याच्या धंद्यात गेला हे खरे, पण तो माझ्यामुळे आला हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता मला विचारल्याशिवाय खर्च होत नाही, हात उगारणे कमी झाले आहे. एकाच घरात नवरा-बायको मिळून धंदा करतात तिथे पैशाची वाटणी पट्टीने आखता येत नाही. हे आपल्याकडच्या कोणत्याही यंत्रमागवाल्याच्या घरात दिसेल. तरीही त्रेसष्टचा आकडा विसरण्यासारखा नाही. शरीअतमध्ये बाईची कमाई आणि तिची मालमत्ता तिची स्वतःची आहे, घरखर्चाची जबाबदारी नवऱ्याची आहे, हे सर्वांना तोंडपाठ असते. व्यवहारात काय होते ते ज्याने त्याने आपल्या घरातल्या कपाटाच्या किल्लीकडे पाहून ठरवावे.

पुढे आणखी कठोर मोजमाप झाले. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को आणि आपले हैदराबाद अशा सहा ठिकाणच्या सूक्ष्म कर्जांचे अभ्यास 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या वस्त्यांत असे दिसले की ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना कर्जाने हात दिला, काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या; पण बायकांच्या घरातील अधिकारात सांगण्यासारखा फरक पडला नाही. त्याच राज्यात 2010 मध्ये नफेखोर कंपन्यांनी एकाच बाईला तीन-तीन कर्जे देऊन असा घोळ घातला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. नाव महिला सबलीकरणाचे आणि काम सावकारीचे, असा तो प्रकार होता.

व्याजाचा प्रश्न वाचक विचारतीलच. ग्रामीण बँक धंद्याच्या कर्जावर घटत्या शिलकीने वीस टक्के व्याज घेत आली आहे. घरासाठी आठ, मुलांच्या शिक्षणासाठी पाच आणि 2002 पासून भीक मागणाऱ्यांना बिनव्याजी. ज्यांना व्याज मुळातच मान्य नाही अशांसाठी इस्लामी बँक बांगलादेशने 1995 मध्ये ग्रामीण योजना काढली. तीत रोख कर्जाऐवजी माल घेऊन हप्त्याने दिला जातो आणि तिच्याही सभासद बहुतांश महिलाच आहेत. लाहोरमध्ये 2001 साली सुरू झालेली अखुवत ही संस्था मशिदीत बसून कर्जे-हसना वाटते. तिचे संस्थापक अमजद साकिब यांना 2021 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे व्याज हीच अडचण असेल तर वाटा आहेत. आमचे निरीक्षण असे की व्याजाचा मुद्दा पुढे करून अनेकदा बाईच्या हातात पैसाच देऊ नये हे मनातले बोलणे झाकले जाते.

बांगलादेशात हे उघडपणे घडले. 1993-94 मध्ये फतवे निघाले, खेड्यांतील शाळा जाळल्या गेल्या, बायकांनी रस्त्याकडेला लावून राखलेली तुतीची झाडे तोडली गेली. हे सर्व धर्माच्या नावाने झाले. पण ज्यांची उचल देण्याची आणि पडत्या भावाने माल उचलण्याची मक्तेदारी मोडत होती त्यांचा त्यात हात होता, असे अनेक अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे.

माल आला की पैसे

तुतीच्या झाडांवरून आम्ही दुसऱ्या संस्थेकडे येतो. व्यापाऱ्यांना तिच्याकडून शिकण्यासारखे अधिक आहे.

फजले हसन आबेद हे शेल कंपनीत हिशेबाच्या मोठ्या पदावर होते. 1971 च्या युद्धानंतर त्यांनी लंडनमधले आपले घर विकले आणि 1972 मध्ये सिल्हेट भागातील शाल्ला इथे परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केले. त्याचे नाव ब्रॅक. सुरुवातीला ऑक्सफॅमसारख्या परदेशी संस्थांचा पैसा होता. काही वर्षांनी ब्रॅकने माणिकगंज भागातील बायकांना रेशमाच्या कामात घातले: एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचे एंडी रेशीम, पुढे तुतीचे. बायका शिकल्या, सूत निघाले, कापड विणले गेले. माल ढाक्यातील मोजक्या दुकानदारांकडे गेला.

आणि तिथे अडला. दुकानदार माल ठेवून घेत आणि पैसे विकल्यावर देत. आठवडे जात, महिने जात. ज्या बाईच्या घरात संध्याकाळच्या तांदळाची भ्रांत आहे तिने तीन महिने थांबायचे कशाच्या जोरावर? प्रशिक्षण होते, कच्चा माल होता, परदेशी निधी होता, इच्छाही होती. सगळे उधारीच्या दगडावर आपटले.

यावर आबेद यांनी काढलेला तोडगा 1978 मध्ये उघडलेले दुकान होते. नाव आडोंग, बंगालीत खेड्यातली जत्रा. दुकानाचा पहिला नियम: माल आला, तपासला, पसंत पडला की पैसे त्याच वेळी. माल विकला जाईल की पडून राहील ही जोखीम दुकानाची. परदेशी निधीचा सर्वांत उपयोगी खर्च कोणता झाला असे कुणी विचारले तर आम्ही म्हणू, कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामधले हे थांबणे त्या भांडवलाने विकत घेतले.

1981 मध्ये आबेद यांच्या पत्नी आयेशा यांचे बाळंतपणात निधन झाले. त्यांनी स्वतः या कामात बराच वाटा उचलला होता. त्यांच्या नावाने खेड्यांत उत्पादन केंद्रे निघाली. मुख्य केंद्रात कापायचे, रंगवायचे, ठसे मारायचे काम आणि त्याच्या आसपास चालत जाता येईल इतक्या अंतरावर लहान उपकेंद्रे. तिथे बायका एकत्र बसून नक्षी काथा भरतात. आपल्या गोधडीची ही बंगाली बहीण: जुन्या साड्यांचे थर, त्यावर बारीक धावदोऱ्याने फुले, मासे, पालख्या. पूर्वी ती घरात पांघरली जाई, मुलीला सासरी दिली जाई. बाजारात तिला किंमत आहे हे कुणाला वाटलेच नव्हते. आज आडोंग ही बांगलादेशातील नामांकित दुकानांची साखळी आहे. कंपनीच्या सांगण्यानुसार तिच्यासाठी सुमारे 65,000 कारागीर काम करतात आणि त्यांत पंचाऐंशी टक्के महिला आहेत. नफा ब्रॅककडे जातो आणि शाळा-दवाखान्यांना लागतो.

सगळे गुलाबी नाही. ढाक्याच्या दुकानातील साडीची किंमत आणि ती भरणाऱ्या बाईची मजुरी यांतील अंतर पाहिले की छाती दडपते. आकृत्या शहरातला डिझायनर काढतो. बाईच्या स्वतःच्या हातातली जुनी नक्षी मागे पडते. मान्य. पण मजुरी कमी असणे आणि मजुरी न मिळणे यांत फरक आहे आणि तो आठवड्याचा बाजार करणाऱ्या बाईला चांगला कळतो.

ढाका आणि लंडन

एक गंमत सांगतो, थोडी विषयाबाहेरची वाटेल. बांगलादेशात सर्वांत जास्त बायकांना रोजगार दिला तो मदतीच्या प्रकल्पांनी नव्हे, तयार कपड्यांच्या कारखान्यांनी. नाइला कबीर यांनी दोन ठिकाणच्या बंगाली बायकांची तुलना केली, ढाक्यातल्या आणि पूर्व लंडनमधल्या. कुणालाही वाटेल, पडद्याची रीत असलेल्या ढाक्यात बायका घरी बसून शिवत असतील आणि लंडनमध्ये कारखान्यात जात असतील. झाले होते उलटे. ढाक्यात मुली सकाळी डबा घेऊन घोळक्याने कारखान्यात जात. लंडनमध्ये सिल्हेटी बायका फ्लॅटच्या खोलीत, दार लावून, नगावर शिवत आणि दर मिळे तो कारखान्याहून कमी. ढाक्यात गावाकडून आलेल्या मुलीला ओळखणारे कुणी नव्हते आणि पोट मागे लागले होते. लंडनमध्ये सगळी बिरादरी एकाच मोहल्ल्यात, कोण कुठे जाते यावर सर्वांची नजर, बाहेर गोऱ्यांचा त्रास आणि घरी काम देऊन भाडे-वीज वाचवणारा मालक.

ढाक्याच्या कारखान्यांची किंमतही आपण पाहिली. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळला आणि 1,134 कामगार गेले, त्यांत बहुसंख्य बायका. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. पगार कापण्याची भीती घालून त्यांना आत पाठवले गेले. त्यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार झाला. माणसे गेल्यावर का होईना, तो झाला.

घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईसाठीही एक आंतरराष्ट्रीय कागद आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 मध्ये घरकामगारांचा करार मंजूर केला. तो व्हावा म्हणून अहमदाबादच्या इला भट यांच्या सेवा संस्थेने बरीच वर्षे झुंज दिली होती. घरी काम करणारीही कामगारच आहे, कारखान्यातल्या माणसाशी तिची बरोबरी व्हावी, असे तो म्हणतो. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. मंजुरी मिळेपर्यंत आपल्या पेढीवरच्या वहीत तिचे नाव, नगाचा दर आणि पैसे दिल्याची तारीख लिहायला कुणाची हरकत नाही. नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर काम जाते आणि हिशेब तोच चुकता करतो, असे असेल तर ती बाई कोणत्याच कागदावर नाही.

हा कागद किती मोलाचा आहे त्याचा पुरावा आफ्रिकेतून आला. ब्रॅक 2006 पासून युगांडात काम करते. तिथे एमा रायली या संशोधक बाईने सुमारे तीन हजार कर्जदार महिलांवर प्रयोग केला. काहींना कर्ज नेहमीप्रमाणे रोख दिले. काहींना तेवढेच कर्ज त्यांच्या स्वतःच्या मोबाइल खात्यात जमा केले. बाकी काही बदलले नाही. आठ महिन्यांनी पाहिले तर खात्यात पैसे मिळालेल्यांच्या धंद्यातले भांडवल अकरा टक्क्यांनी आणि नफा पंधरा टक्क्यांनी जास्त होता. ज्या बायकांच्या घरी पैसा मागणारे हात अधिक होते त्यांना फायदा जास्त झाला. रोख नोट घरात आली की दिराला दिसते, नणंदेला दिसते. खात्यातली रक्कम तिलाच दिसते. गोट्झ आणि सेनगुप्ता यांनी 1996 मध्ये दाखवलेल्या दुखण्यावर हे औषध निघायला पाव शतक लागले आणि ते निघाले तेव्हा इतके साधे निघाले.

महाराष्ट्राचा या कहाणीशी थेट संबंध आहे. ज्या इफाडने ग्रामीण बँकेला सुरुवातीचे भांडवल दिले त्याच इफाडच्या कर्जातून आपल्याकडे 1994 पासून ग्रामीण पतपुरवठ्याचा प्रकल्प चालला आणि 2007 ते 2018 या काळात महिला आर्थिक विकास महामंडळाचा, म्हणजे माविमचा, तेजस्विनी कार्यक्रम झाला. बचत गट आणि त्यांची लोकसंचालित साधन केंद्रे त्यातून उभी राहिली. बचत गटातील बाईला बँकेचे कर्ज मिळते, गटात हिशेब लिहिला जातो, हे सर्व उत्तम. पण तिने बनवलेला माल प्रदर्शनाच्या चार दिवसांनंतर कुणाकडे जातो? जातो तो आपल्याकडेच. म्हणून माणिकगंजची अडचण इथेही तीच आहे आणि ती सोडवायला जिनिव्हाहून कुणी येणार नाही. ज्याच्याकडे गल्ला आहे त्याने माल घेताना पैसे मोजावेत. जमत नसेल तर निम्मे मोजावेत आणि उरलेल्याची तारीख लिहून द्यावी.

जाता जाता एक छोटी गोष्ट. भरतकाम करणारी बाई चाळिशीला आली की टाका मोठा पडू लागतो. माल नाकारला जातो, दर कापला जातो, शेवटी काम दुसरीकडे जाते. ती म्हणते हात चालत नाही. बांगलादेशात 824 लोकांवर एक चाचणी झाली. वय 35 ते 65, शिंपी, विणकर, शेतकरी, घरकाम करणाऱ्या बायका. जवळचे नीट दिसत नाही अशांपैकी निम्म्यांना जवळचा साधा चष्मा फुकट दिला, उरलेल्यांना नंतर दिला. निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई दुसऱ्यांच्या मानाने तेहेतीस टक्क्यांनी वाढलेली होती. असा चष्मा आपल्याकडे रस्त्यावरही मिळतो. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या कारागीर बाईचा माल परत करायची वेळ आली तर दर कापण्याआधी तिला विचारून पाहावे, खालाजान, सुईत दोरा दिसतो का?